हेल्मी नावाचा मे महिना

मे महिना आला की साउथहॅम्प्टनमधली कुंपणं पांढरी होतात. हॉथॉर्न फुलतो. लांबून बघावं तर कुणीतरी रस्ताभर लाह्या उधळत गेल्यासारखं दिसतं. वास मात्र फसवा. पलीकडच्या फुटपाथवरून मधासारखा येतो आणि जवळ जाऊन नाक लावलं की त्याच्या तळाशी काहीतरी शिळं असतं. इथले लोक ही फुलं घरात आणत नाहीत. का म्हणून विचारलं तर हसतात, हवापाण्याच्या गप्पा काढतात, पण आणत नाहीत ते नाहीतच.

भुतं अंधारात येतात अशी समजूत ज्यानं कुणी पसरवली त्यानं इंग्लंडातला मे बघितलेला नसावा. इथली संध्याकाळ संपता संपत नाही. जेवणं होतात, भांडी होतात, बातम्या होतात आणि खिडकीत अजून ऊन असतं. एवढ्या उजेडात लपायला जागा कुठली? जे यायचं ते समोरूनच चालत येतं. माझ्याकडे येते ती एक मुलगी, आणि तिच्या मागून, लोकरी मोज्यांवर चपला घालून, एक तरुण बावळट बाई. मुलीबद्दल सांगणारच आहे. आधी त्या बाईचा समाचार घेते, कारण ती मीच होते, आणि तिला बोलायचा हक्क असलेलं माझ्याशिवाय आता कुणी उरलेलं नाही.

ती लग्न होऊन इथं आली तेव्हा तिचं नाव वैजयंती होतं आणि ते तिला अजून अंगाला बसलेलं नव्हतं. माहेरची ती सुशीला. पण सासूबाईही सुशीला निघाल्या. एका घरात दोन सुशीला कशा राहणार, तेव्हा लग्नात ताटभर तांदूळ पसरले, यांनी अंगठीनं त्यात नवं नाव काढलं, पेढे वाटले, टाळ्या पडल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याच तांदळांची खिचडी झाली. तिला काही वाटलं असेल म्हणाल तर छे. नव्या नावाची सही झोकदार दिसेल की नाही, एवढीच तिला काळजी. सुशीला नावाची मुलगी खिचडीत गेली याची दखल त्या घरात कुणी घेतली नाही, खुद्द सुशीलानंही नाही.

साउथहॅम्प्टन हे लंडनच्या कडेचंच एखादं गाव असणार, संध्याकाळी पाय मोकळे करायला राजवाड्यापर्यंत जाता येईल, अशी तिची कल्पना होती. प्रत्यक्षात हॉस्पिटलचे क्वार्टर्स, एका जिन्यावर समोरासमोर दोन दारं, आणि बंदरातून येणारा बोटींचा भोंगा. हे ज्युनियर डॉक्टर. घरी यायचे ते झोपायला. ती दिवसभर खिडकीत बसून भोंगे ऐकायची आणि आईला पत्रात लिहायची की इथं फार मजा आहे.

पहिल्याच मेमध्ये एका दुपारी जिन्यावर वेलदोड्याचा वास आला. आता ज्याला घर सोडून काही महिने झालेत त्याच्या नाकाला विचारा वेलदोडा म्हणजे काय. श्रीखंड असेल, पुरण असेल, कुणाची तरी मंगळागौर असेल. मेमध्ये मंगळागौर नसते एवढंही त्या शहाणीच्या डोक्यात आलं नाही. समोरच्या घरात मराठी बाई राहायला आली आणि आपल्याला कुणी सांगितलंसुद्धा नाही, अशा तणतणीत तिनं पदर खोचला, समोरचं दार वाजवलं, आणि ते उघडायच्या आतच मराठीतून सुरुवात केली की अहो, तुम्ही कुठल्या, पुण्याच्या का?

दारात एक उंच, फिकट केसांची बाई. कोपरापर्यंत पीठ. तिनं या साडीतल्या वादळाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, मोज्यांवरच्या चपलांशी नजर जरा थांबली, आणि दार पूर्ण उघडलं. आत ओट्यावर वेणीसारखे वळलेले गोड पाव निवत होते आणि त्यांतून वेलदोडा घमघमत होता.

तिचं नाव हेल्मी. फिनलंडची. त्याच हॉस्पिटलात बाळंतिणींच्या वॉर्डात सुईण होती. सगळे तिला सिस्टर म्हणत. आणि तो तिच्या नावाचा दिवस होता. त्यांच्या देशात प्रत्येक नावाला पंचांगात एक दिवस नेमून दिलेला असतो, तिचा मेच्या पहिल्या आठवड्यात. वाढदिवसाला आमंत्रण लागतं, नावाच्या दिवसाला लागत नाही. ज्यांना तुमचं नाव ठाऊक असतं त्यांनी आपण होऊन यायचं, कॉफी प्यायची, पाव खायचा. तिला इथं येऊन बरीच वर्षं झाली होती आणि दरवर्षी ती पाव भाजायची. यायचं कुणी नाही. तुम्ही तर नाव ठाऊक नसताना आलात, ती म्हणाली, आणि कॉफी ओतली.

फिनलंडच्या माणसाचं बोलणं असं, की दोन वाक्यांच्या मध्ये तुमचा कप रिकामा होतो. माझी दोन वाक्यं मात्र एकमेकांच्या पायांत पाय घालून पळतात. त्यामुळे आमचं छान जमलं. तिनं नावाची हकीकत सांगितली ती मला तुकड्यातुकड्यानं दोन-तीन आठवडे पुरली. हेल्मी म्हणजे मोती. तिच्या आजीच्या आधीच्या काळात त्यांच्याकडे मुलींची नावं चर्चमधून आलेली असायची, आणि लिहायची तीही स्वीडिश वळणानं, कारण शिकल्यासवरलेल्यांची भाषा ती. मार्गारेटा वगैरे. मग कधीतरी लोकांच्या मनानं घेतलं की आपल्या पोरींना आपल्याच भाषेत हाक मारायची. मार्गारेटाचा मुळातला अर्थ मोती. तेव्हा ते शिंपल्यासारखं फोडलं आणि आतला मोती तेवढा ठेवला. असंच कुणी शांती ठेवलं, कुणी आशा, कुणी भेट. घरात रोज लागणारे शब्द उचलले आणि पोरींना दिले. त्यांच्याकडे फेब्रुवारीला मोत्यांचा महिना म्हणतात. दुपारच्या उन्हानं फांदीवरचं बर्फ जरासं विरघळतं, थेंब खाली पडायला निघतो आणि पडायच्या आत पुन्हा गोठतो. झाडभर मणी. हे सांगताना तिनं बोटांच्या चिमटीत एक न दिसणारा मणी धरला होता, तो मला अजून दिसतो.

तिला स्वतःला नाव आवडायचं नाही. म्हातारं नाव, म्हणायची. वर्गातल्या सगळ्या मुलींची नावं नव्या तऱ्हेची आणि हिला एकटीला आजीचं.

मग तिनं माझं विचारलं. मी दोन्ही सांगितली. तांदूळ, अंगठी, खिचडी, सगळं हातवारे करून रंगवलं. तिला हसू येईल अशी माझी खात्री. तिनं कप खाली ठेवला.

"पहिलीचं काय झालं?"

मी म्हटलं, ती इंडियात असते. आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसले. आता ते हसणं आठवलं की त्या पोरीला एक थोबाडीत द्यावीशी वाटते, आणि दिल्यावर जवळही घ्यावंसं वाटतं.

पुढच्या मेमध्ये ही पोट घेऊन तपासणीला निघाली. मोगरा कुठून मिळणार, तेव्हा कुंपणावरची हॉथॉर्नची डहाळी मोडून अंबाड्यात खोवली आणि डोहाळेजेवणाला निघाल्यासारखी ठुमकत गेली. वॉर्डच्या दारात हेल्मीनं ती डहाळी ओढली आणि एप्रनच्या खिशात कोंबली. ही फुलं आत आणली की घरातलं कुणीतरी जातं असं इथं मानतात, ते मला मागाहून कळलं; पण फुलांचा काही दोष नव्हता, हे मी कुणालाही ठासून सांगेन. बाळाचं हृदय नीट घडलेलं नव्हतं. डॉक्टरांना कळलं होतं, यांना कळलं होतं, नंतर मलाही नीट समजावून सांगितलं आणि मला समजलंही. तरी मे आला की मी त्या कुंपणाच्या बाजूनं जात नाही. सत्तरी उलटून गेलेली बाई काठी टेकत फुलांना घाबरून रस्ता ओलांडते. गाड्या थांबतात माझ्यासाठी.

मुलगी झाली. काचेच्या पेटीत ठेवली होती, सगळीकडून नळ्या. एका नर्सनं विचारलं, हिचं नाव काय? आणि ही शहाणी त्या पेटीशी उभी राहून समजावून सांगायला लागली की आमच्यात बारसं असतं, ते बाराव्या दिवशी करतात, आत्या कानात नाव सांगते, त्याआधी नाव ठेवायचं नसतं. आवाजात अभिमान. जणू काही बारा दिवस तिच्या कपाटात घडी घालून ठेवलेले होते. हे शेजारी उभे होते आणि जमिनीकडे बघत होते, कारण त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

त्या दिवशी संध्याकाळी ड्यूटी संपवून हेल्मी आली. माझ्या बाजूला उभी राहिली. म्हणाली, "हाक काय मारता?"

"बाळ."

"या खोलीत सगळीच बाळं आहेत. आपली आई आलीय हे हिनं कसं ओळखायचं?"

मी पुन्हा बाराव्या दिवसाचं पुराण लावलं. तिनं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुमचं येईपर्यंत माझं वापरा," ती म्हणाली. "मला तरी इथं त्या नावानं कोण हाक मारतंय?"

पेटीला बाजूनं हात घालायला भोक होतं. त्यातून हात घालून मी पहिल्यांदा ते नाव उच्चारलं तेव्हा दुसरीचा ब्लाउज घातल्यासारखं वाटलं; खांद्यात सैल, दंडात घट्ट. मग सवय झाली. हेल्मी, बाहेर ऊन पडलंय गं. हेल्मी, बोटीचा भोंगा वाजला, ऐकलास? हेल्मी, तुझे बाबा बघ कसे उभे आहेत खांबासारखे. तिनं माझं बोट धरलं होतं. धरलं होतं म्हणजे तिच्या मुठीत माझ्या बोटाचं टोक जेमतेम मावायचं. नाव घेतलं की मूठ आवळायची. मला तसं वाटायचं. यांना विचारलं तर हे म्हणाले, सगळीच बाळं आवळतात. आणि मग तोंड फिरवून खिडकीशी गेले.

बाराव्या दिवशी पाळण्यात घालायला कुणीच उरलं नव्हतं.

अशा बाळाचा आमच्याकडे उल्लेख करत नाहीत. सासूबाईंनी पत्रात लिहिलं की झाल्या गोष्टीचा विचार करू नये, आणि बारसं झालेलं नव्हतं हे एका परीनं बरंच. नावच नाही, म्हणजे गेलं ते कोण? मी हेल्मीच्या दारात गेले आणि म्हटलं, तुमचं नाव तुमच्याकडे परत घ्या. ती म्हणाली, ठेवा. आणि माझ्यासोबत जिन्याच्या पायरीवर बसून राहिली, दिवस मावळत नव्हता तो मावळेपर्यंत. पुढं ती तिच्या देशात निघून गेली. दर नाताळला एक कार्ड यायचं. मग एका नाताळला आलं नाही.

नाव मात्र माझ्या घरात राहिलं. आणि मला तेव्हा कळलं की नाव असलं की माणूस वाढतं. ती चालायला लागली. तिला दात आले, तिनं माझी पावडर सांडली. मला ती दिसायची असं नाही. मी वेडी नव्हते, निदान तितकी नव्हते. पण पाठमोरी पोळ्या लाटताना ओट्याच्या खाली कुणीतरी बसलंय एवढं कळायचं. चष्मा सापडला नाही की हेल्मीनं हलवला. बिछान्यावरचं पांघरूण सुरकुतलेलं दिसलं की हेल्मी लोळली. पुढं काही वर्षांनी नीरज झाला, जिताजागता, ढोलकीसारखा खणखणीत, आणि त्याच्या मागून त्याची मोठी बहीण घरभर फिरत राहिली हे त्याला कधी कळलं नाही. चौदाव्या वर्षी ती भारी उर्मट झाली. साउथहॅम्प्टनच्या पोरींसारखे खांदे उडवायची, वरणभाताला नाक मुरडायची. नीरजच्या परीक्षा आल्या, त्याही मेमध्येच, तेव्हा मी अभ्यासाच्या टेबलावर चुकून दुधाचे दोन कप ठेवले. त्यानं दुसराही पिऊन टाकला आणि म्हणाला, थँक्स, आई. हेल्मीनं मला उभ्या जन्मात थँक्स म्हटलं नाही, पण तिला म्हणता येण्यासारखं मी काही केलंही नव्हतं.

यांनी ते नाव पुन्हा कधी तोंडातून काढलं नाही. फक्त दरवर्षी मेच्या पहिल्या आठवड्यात घरी येताना वेलदोड्याची पुडी घेऊन यायचे. डब्यात वेलदोडे भरलेले असायचे. मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मी पाव भाजायची. हेल्मीच्या पावाची सर त्याला कधीच आली नाही, एका वर्षी तर त्याच्यावर नारळ फोडता आला असता. आम्ही दोघं समोरासमोर बसून तो खायचो. नीरजला वाटायचं ही महाराष्ट्रातली रीत आहे. शाळेत मित्रांनाही त्यानं तसंच सांगितलं होतं. हे गेले, त्यालाही आता काही मे होऊन गेले. पुडी मीच आणते.

चाळिशी ओलांडेपर्यंत लग्नाचं नाव न काढणाऱ्या नीरजनं एक दिवस कायसाला घरी आणलं. फिनलंडची आहे म्हणाला. मी तिला आत ये म्हणायचंही विसरले. त्याला वाटलं, सून परकी म्हणून आई रुसली. मी रुसले नव्हते. दारात एक फिकट केसांची मुलगी उभी होती आणि चपला कुठं काढायच्या असं विचारत होती, आणि मी आपली तिच्या हातांकडे बघत राहिले, पीठ लागलंय का म्हणून.

कायसा हीथ्रोवर मालवाहतुकीच्या कंपनीत आहे. दोघं हाउन्सलोला राहतात. त्यांच्या घरावरून विमानं इतकी खालून उतरतात की बोलता बोलता माणसं मध्येच गप्प होतात, विमान जाऊ देतात आणि वाक्य होतं तिथून पुढं उचलतात. गेल्या वर्षी थंडी सरता सरता त्यांना मुलगी झाली. मी हॉस्पिटलात गेले, नातीला मांडीवर घेतलं, सगळं सगळं जागच्या जागी आहे हे तीनदा बघितलं, आणि विचारलं, नाव काय ठेवताय?

सांगायचं नसतं, कायसा म्हणाली. त्यांच्याकडे नाव ठेवण्याचा समारंभ होईपर्यंत आईबापांशिवाय कुणाला कळू देत नाहीत. तोवर काहीतरी लाडाचं चालवायचं. त्यांनी पापु चालवलं होतं. पापु म्हणजे त्यांच्या भाषेत घेवड्याचा दाणा. माझ्या एकुलत्या नातीला घेवडा.

बारावा दिवस गेला. महिना गेला. एप्रिल गेला. मी रोज फोन करत होते.

"आई, इट्स देअर कल्चर," नीरज म्हणायचा. "नाव सीक्रेट असतो. बारशासारखंच आहे ना, जस्ट लेट."

मी म्हणायची, ठेवा रे बाबांनो काहीतरी. दगड ठेवा, धोंडा ठेवा. तो म्हणायचा, चिल, आई. आजीचा आगाऊपणा, त्याला वाटत असणार. त्याला काय सांगू? बिननावाचं बाळ म्हणजे माझ्या लेखी दार सताड उघडं टाकलेलं घर. फोन ठेवला की मी साउथहॅम्प्टनच्या माझ्या स्वयंपाकघरात दाराकडे पाठ करून उभी राहायची आणि ओट्याखालच्या त्या थोरलीला सांगायची, जरा लक्ष ठेव गं तिच्याकडे, तू मोकळीच आहेस.

शेवटी मेमधला एक शनिवार ठरला. दोन्हीकडचं एकत्र करायचं. पाळणा, घुगऱ्या, सुंठवडा आमच्याकडून. कॉफी आणि केक तिच्याकडून. हाउन्सलोच्या चारसहा मराठी बायका आल्या, त्यांत नलूताई म्हणजे बारशांची सरसेनापती. तिनं आल्या आल्या पाळण्याच्या गाठी तपासल्या आणि विचारलं, "आत्या कोण?"

बाळाचं नाव आत्यानं ठेवायचं. ती पाळण्यात वाकते, कानात कुर्र करून नाव सांगते, आणि त्या वेळी बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. नीरज म्हणाला, मला बहीण नाही. अगदी सहज म्हणाला, साखर संपली म्हणावं तसं. मी म्हटलं, मी सांगते कानात. नलूताईनं माझी पाठ चाचपली आणि आजी चालेल, पण रडारड चालणार नाही, असं बजावलं.

सांगायचं मला, म्हणजे मला आधी कळायला हवं. कायसानं मला मागच्या अंगणात नेलं. ती तिचा निळा समारंभाचा ड्रेस सावरत वाकली, माझ्या कानाशी आली, आणि म्हणाली, हेल्मी.

वरून विमान गेलं. बरं झालं. अंगणभर त्याची सावली सरकली, कपडे वाळत घालायच्या दोरीवरून, कुंपणावरून, आमच्या दोघींवरून.

आवाज ओसरल्यावर कायसा सांगत होती. तिच्या पणजीचं नाव. आईच्या पिढीत कुणी ठेवत नसे, म्हातारं वाटायचं. आजीच्या पिढीनंही टाकून दिलेलं. त्यांच्याकडे नावांचं असं होतं. काही काळ पडीक राहतात, शेतासारखी, ती नावं घेऊन जगलेली माणसं एकेक करून जातात, आणि मग कुणाला तरी ते पुन्हा ताजं वाटतं. आता म्हणे तिकडं कुठल्याही बागेत हाक मारली तर दोन-तीन हेल्मी वळून बघतील. ती बोलत होती आणि मी त्या बागेत उभी राहून सगळ्यांची तोंडं बघत होते.

"आई, आवडलं नाही का?"

ती मला मराठीतूनच आई म्हणते, त्यातला ई जरा लांबवते.

"हिला एक आत्या होती," मी म्हटलं.

"नीरज म्हणाला होता. त्याच्या आधीचं बाळ, बाबांनी त्याला एवढंच सांगितलं होतं. तिला नाव नव्हतं ना?"

"होतं."

दुसऱ्या कुणी विचारलं असतं, काय? कायसानं विचारलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि तिच्या त्या दोन वाक्यांमधल्या लांबलचक जागेत तिला सगळं कळलं. तिनं माझा हात धरला.

"बदलू या," ती म्हणाली. "अजून कुणालाच माहीत नाही. नीरज, मी आणि तुम्ही. दुसरं ठेवू."

खरं सांगते, मला हो म्हणायचं होतं. ओठांवर आलं होतं. माझं स्वतःचं नाव मी खिचडीत जाऊ दिलं आणि वर पेढा खाल्ला. पण हे एक नाव मी दातांत धरून इतकी वर्षं काढली होती. ते या घेवड्याला दिलं की उद्यापासून तिला सर्दी झाली तर हेल्मीला सर्दी झाली म्हणतील. तिच्या शाळेच्या दप्तरावर असेल. ती मोठी होईल, हसेल, दार आपटेल, आणि ते नाव तिच्याच आकाराचं होत जाईल. मग माझ्या ओट्याखाली जी बसलीय ती कोण? ती पुन्हा बाळ होईल. त्या खोलीतल्या सगळ्या बाळांतलं एक. मी हाक मारीन, आणि आपली आई आलीय हे तिला ओळखता येणार नाही.

आतून नलूताईची हाक आली, की मुहूर्त टळला तर मी जबाबदार नाही. पाळण्याशी बायका जमल्या होत्या. जमल्या सगळ्या, फक्त जिचा मान होता तिचीच जागा मोकळी होती, आणि त्या जागेवर उभं राहायला मी निघाले होते. मी तिथं चाललेय ते तिच्या वतीनं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मला कुणी विचारलेलंच नाही. बाळाला कुठलं नाव द्यायचं हे आजीनं ठरवायचं नसतं.

"बदलायचं नाही," मी कायसाला म्हटलं. "नाव आत्यानं आणायचं असतं. तिनं आणलंय. आपण कोण बदलणार?"

नीरजला मी अजून हे सांगितलेलं नाही. त्याला मराठी वाचता येत नाही, तेव्हा इथं लिहायची भीती नाही. कायसा शिकतेय, तिनं सांगायचं तेव्हा सांगावं.

पाळण्यात वाकले तेव्हा माझ्या पाठीमागे धपाट्यांसाठी हात तयार होते. विमान येत होतं. त्या आवाजात काय वाटेल ते सांगितलं असतं, शालिनी, मालिनी, कुणाला ऐकू गेलं नसतं. मी थांबले. विमान जाऊ दिलं. घुगऱ्यांचा वास, दुधाचा वास, तिच्या कानावरची ती बारीक लव. कुर्र केलं. आणि ते नाव, जे मी कधी चारचौघांत घेतलं नव्हतं, ते घेतलं. पाठीत असे काही धपाटे बसले की डोळ्यांत पाणी आलं, आणि नलूताई म्हणाली, बघा, म्हटलं नव्हतं का रडणार म्हणून.

रात्री मला जाऊ दिलं नाही त्यांनी. सकाळी लवकर उठून मी चहा ठेवला. अनोळखी स्वयंपाकघर, पावडर एकीकडे, साखर दुसरीकडे. ओट्याच्या खाली बघितलं. तिथं धुण्याचं यंत्र होतं. माझ्या मागे कुणी नव्हतं, बाजूला कुणी नव्हतं, आणि मे महिन्यातलं ते निर्लज्ज ऊन फरशीभर पसरलेलं होतं. चहा उकळायला लागला होता. ती माझ्याबरोबर हाउन्सलोला आली नसेल, साउथहॅम्प्टनलाच थांबली असेल, अशी मी स्वतःची समजूत घालत होते.

तेवढ्यात वरच्या खोलीचं दार उघडलं. जिन्याच्या टोकावरून, अर्धवट झोपेतल्या आवाजात, कायसानं मला हाक मारली.

"आई, हेल्मी उठली."

उभ्या जन्मात ही बातमी मला कुणी दिली नव्हती. चहा उकळत तसाच टाकून मी जिना चढायला लागले.